‘टिकाऊ’ कसं मोजायचं? देवनारच्या एका पार्किंगवरून

“अगं, तू पीएच.डी. करतेस ना? मग एवढं सांग, खाली पार्किंगमध्ये काय घालू म्हणजे दहा वर्षं बघावं लागणार नाही?”

मामाचं देवनारला जुनं रो-हाउस आहे. तळमजल्यावर एक गाडी आणि एक स्कूटर मावेल एवढी बंद जागा. कॅटलॉगमध्ये हिला ‘होम गॅरेज’ म्हणतात. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की मेकॅनिकच डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी पार्किंगच म्हणते. तिथे मामानं साध्या कोब्यावर राखाडी, चकचकीत इपॉक्सी मारून घेतलं होतं. पहिल्या पावसाळ्यात त्याला फोड आले आणि दुसऱ्या दिवाळीपर्यंत पापडासारखे पोपडे निघायला लागले. आता नवीन कोटिंगसाठी तीन जणांची कोटेशन्स आली होती, आणि तिन्हींवर ‘अत्यंत टिकाऊ’ हे शब्द होतेच.

मी सिव्हिल इंजिनिअर नाही. माझा विषय सामाजिक संशोधनातली मोजमापं. पण त्या डेटाशीट्स वाचताना मला आमच्या मेथडॉलॉजीच्या तासाला आल्यासारखं वाटलं. ‘टिकाऊपणा’ हा शब्द ‘दारिद्र्य’ किंवा ‘नोकरीतलं समाधान’ यांच्याच जातीचा आहे. सगळ्यांना कळतो, पण थेट मोजता येत नाही. मोजायचा तर आधी त्याची कार्यात्मक व्याख्या करावी लागते, आणि ती व्याख्या कोणी, कशासाठी केली यावर उत्तर ठरतं.

तिन्ही डेटाशीट्समध्ये टिकाऊपणाचा पुरावा म्हणून एकच आकडा होता: टेबर चाचणीचा. ही चाचणी (एएसटीएम डी ४०६०) अशी असते. कोटिंग लावलेली चकती फिरत्या टेबलावर ठेवतात, तिच्यावर घासणारी दोन चाकं टेकवतात, प्रत्येक चाकावर साधारणपणे १००० ग्रॅम वजन. १००० फेऱ्या झाल्या की चकतीचं वजन किती मिलिग्रॅमनं घटलं ते बघतात. कमी घट म्हणजे चांगलं कोटिंग. चाचणी नीट बांधलेली आहे, पुन्हा केली तर साधारण तसंच उत्तर येतं. म्हणजे विश्वसनीयता आहे.

वैधतेचं काय? टेबर मोजते झीज. मामाच्या पार्किंगमध्ये झीज झालीच नव्हती! निघालेला पोपडा हातात घेतला तर वरची बाजू अजून चकचकीत होती. कोटिंग झिजून संपलं नव्हतं, ते जमिनीपासून सुटलं होतं. ज्या कारणानं वस्तू मोडते ते कारणच चाचणीत नसेल, तर आकडा कितीही अचूक असला तरी आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. नेटच्या तयारीत वैधता आणि विश्वसनीयता यांच्या व्याख्या आपण पाठ करतो. मला त्यांच्यातला फरक त्या पोपड्यानं नीट समजावला.

मग पुढचा प्रश्न: सुटलं का? इथे पोपड्याची मागची बाजू बघायची असते, आणि ती कोणीच बघितली नव्हती. ती अगदी कोरी, गुळगुळीत असेल तर कोटिंग मुळात धरलंच नव्हतं. खाली तेल, धूळ किंवा घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग होता. मागे सिमेंटचा पातळ थर चिकटून आला असेल तर कोटिंगची पकड ठीक होती, पण कोब्याच्या वरची साय कमजोर होती. (काँक्रीट ओतल्यावर पाणी आणि सिमेंटचा बारीक भाग वर तरंगून येतो, त्याची ही साय. ती ग्राइंडिंग करून काढावी लागते.) आणि मागे ओल, चिकटपणा किंवा पांढरी भुकटी असेल तर संशय खालून येणाऱ्या पाण्यावर. टायरखालीच निघालं असेल तर आणखी एक संशयित आहे: गाडी चालवून आणल्यावर गरम टायर टेकतात, रबर थंड होताना कोटिंगला धरतं आणि कच्ची पकड असेल तर उचलून आणतं.

मामाच्या तुकड्यांवर पांढरी भुकटी होती. फोड चाकांच्या जागी नव्हते, मागच्या भिंतीकडे जास्त होते. म्हणजे टायरचा संशय बराच कमी झाला.

देवनार ठाण्याच्या खाडीपासून फार लांब नाही. सखल भाग, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. काँक्रीट दिसायला घट्ट असलं तरी त्यात केसासारखी बारीक छिद्रं असतात. जुन्या घरांत कोबा थेट भरावावर ओतलेला असतो, खाली प्लास्टिकचा ओलरोधक थर नसतो. मग ओल वर चढत राहते. उघड्या कोब्यातून ती उडून जाते, आपल्याला कळतही नाही. वर इपॉक्सीसारखं वाफ न सोडणारं झाकण बसवलं की ती तिथेच अडकते, सोबत सिमेंटमधले क्षारही येतात, आणि पकड सुटत जाते. म्हणजे ‘टिकाऊ’ हा एकट्या कोटिंगचा गुण नाहीच. कोटिंग, कोबा, खालची जमीन आणि ऋतू या सगळ्यांचा मिळून तो गुण आहे. मॉलच्या बेसमेंटमध्ये इपॉक्सी छान राहतं हे मामाचं म्हणणं खरं आहे, पण तिथे बहुधा खाली वॉटरप्रूफिंग असतं, मशीननं पृष्ठभाग खरवडलेला असतो आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर असतो. घरी रोलरनं मारतात तो थर मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच. नाव एक, वस्तू दोन. तुलनेत इतके घटक बदलत असताना श्रेय फक्त इपॉक्सीला कसं देणार?

“पण पहिल्या वेळी त्यांनी ओल तपासली होती की,” मामा म्हणाला. तपासली होती, खरंच. साधी पद्धत आहे (एएसटीएम डी ४२६३): ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपनं चिकटवायचं, किमान १६ तास ठेवायचं, मग खाली थेंब आलेत का किंवा कोबा काळपट झालाय का ते बघायचं. घरी फुकटात करता येते. फक्त ती त्यांनी मे महिन्यात केली होती, आणि दाराजवळ एकाच ठिकाणी. कोरडं आलं. मे महिन्यातल्या दाराजवळच्या एका चौकोनावरून त्यांनी ऑगस्टमधल्या मागच्या भिंतीबद्दल निष्कर्ष काढला. यात चूक प्लास्टिकची नाही, नमुना निवडीची आहे.

शिवाय ही चाचणी ‘ओल आहे’ हे बऱ्यापैकी सांगते, ‘ओल नाही’ हे तितकंसं नाही. अधिक भरवशाची पद्धत म्हणजे कोब्यात भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब बसवणं. कोबा फक्त वरून सुकत असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीवर मोजतात, कारण वरचा पापुद्रा लवकर सुकतो आणि फसवतो. हे यंत्र घरगुती कामाला कोणी आणत नाही, पण मोठं काम असेल तर मागून बघावं.

पावसाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. लादीवर येणारं पाणी दर वेळी खालूनच येतं असं नाही. हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंश येतो. जमीन त्याहून थंड असली की हवेतलंच पाणी तिच्यावर बसतं. प्लास्टिकच्या वर थेंब तर हवेतली ओल, खाली थेंब तर जमिनीतली. कोटिंग मारताना जमीन दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवी असा नियम आहे. या उदाहरणात म्हणजे २९. जुलैमध्ये सवलतीत काम करून देतो म्हणणाऱ्याला मी तरी नाही म्हणेन.

आता निवड. खालून ओल येणाऱ्या जागी माझं मत सरळ आहे: वाफ अडवून न धरणारं किंवा ओलीची पर्वा नसलेलं काहीतरी घाला. खडबडीत बाजूची कोटा, जाड शहाबादी, नाहीतर सिमेंटच्या चेकर्ड लाद्या. लाद्यांच्या सांध्यांतून ओल निघून जाते, आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. दोष आहेतच. तेल मुरतं, डाग पडतात. कोटा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड, त्यामुळे बाथरूमचं ॲसिड त्यांना खातं. इपॉक्सी तेल-पेट्रोलला खूप चांगलं, पुसायला सोपं, पण ते वरच्या मजल्यावरच्या पार्किंगला, जिथे स्लॅबखाली मोकळी हवा आहे, किंवा जिथे आधी ओलरोधक प्रायमर लावलाय तिथे. उन्हात ते पिवळं पडतं हेही लक्षात असू द्या.

आणि आजी? ती रोज सकाळी याच पार्किंगमधून फुलं आणायला जाते. ओल्या चकचकीत इपॉक्सीवर ती एकदा घसरली होती, गाडीचा आरसा हाताला लागला म्हणून वाचली. मामाच्या ‘टिकाऊ’च्या व्याख्येत ती नव्हती. आम्ही ती व्याख्या पुन्हा लिहिली: चार पावसाळे पोपडे नाहीत, ओलं असताना पाय सरकत नाही, दुरुस्ती तुकड्यात होते. तिसऱ्या अटीनंच बहुतेक निकाल लागला.

मामानं मोठ्या भागात खडबडीत कोटा घातली. स्कूटरमागे मात्र जुन्या कोब्यावर दोन फुटांचे तीन चौकोन मी मागून घेतले: एकात ग्राइंडिंग करून इपॉक्सी, दुसऱ्यात ग्राइंडिंग, ओलरोधक प्रायमर आणि मग इपॉक्सी, तिसरा नुसता ग्राइंडिंग केलेला. मामा दर महिन्याच्या एक तारखेला पट्टी ठेवून, त्याच उंचीवरून फोटो काढतो आणि पाठवतो. ऑगस्टच्या फोटोत पहिल्या चौकोनाच्या कोपऱ्यात फुगवटा दिसला. दुसऱ्यात अजून काही नाही. पण पहिला चौकोन भिंतीच्या जास्त जवळ आहे, प्रत्येक प्रकाराचा एकच चौकोन आहे आणि पावसाळाही एकच झालाय. मामा म्हणतो, प्रायमर जिंकला. मी त्याला अजून तीन पावसाळे फोटो काढायला सांगितलंय.