नादारी (वैयक्तिक दिवाळखोरी)

आपली देणी फेडण्यास असमर्थ झालेल्या व्यक्तीची मत्ता न्यायालयाच्या नियंत्रणाखाली आणून ती धनकोंमध्ये कायद्याने ठरविलेल्या क्रमाने वाटून देण्याची, आणि त्यानंतर योग्य प्रकरणी त्या व्यक्तीस उरलेल्या ऋणांपासून मुक्त करण्याची न्यायिक प्रक्रिया. बोलीभाषेत हिला दिवाळे किंवा दिवाळखोरी म्हणतात. कायद्याच्या मराठीत नादारी ही संज्ञा रूढ आहे. शालेय शुल्क किंवा न्यायालयीन फी माफ होण्यासाठी मागितली जाणारी नादारी याहून वेगळी होय. कंपन्या व इतर निगम यांच्याकरिता निराळी प्रक्रिया असून प्रस्तुत नोंदीत केवळ व्यक्तीच्या नादारीचा विचार केला आहे.

‘दिवाळे’ या शब्दाचा संबंध ‘दिवा’ या शब्दाशी जोडला जातो. देणी भागविता येत नाहीत हे जाहीर करण्यासाठी व्यापारी भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवीत असे, अशी समजूत आहे. मराठीत दिवाळे ‘निघते’, त्याचप्रमाणे ते ‘काढले’ही जाते. पहिल्या प्रयोगात ओढवलेली आपत्ती, तर दुसऱ्यात जाणूनबुजून केलेली लबाडी सूचित होते. हाच भेद नादारीच्या कायद्याचा पाया आहे. प्रामाणिक परंतु दुर्दैवी ऋणकोस संरक्षण देणे आणि लबाड ऋणकोस ते नाकारणे, हे त्याचे दुहेरी उद्दिष्ट आहे.

ऐतिहासिक आढावा : प्राचीन काळी ऋणकोचा देह हेच ऋणाचे तारण समजले जाई. रोममधील बारा फलकांच्या कायद्यानुसार ऋण न फेडणाऱ्यास धनको बेड्या घालून ठेवू शकत असे. इंग्लंडमध्ये १५४२ मध्ये झालेला दिवाळखोरीविषयक पहिला कायदा ऋणकोस अपराधीच मानीत होता. सर्व मत्ता स्वाधीन करणाऱ्या ऋणकोस उरलेल्या ऋणातून मुक्त करण्याचे तत्त्व तेथे १७०५ च्या कायद्याने आले. हिंदुस्थानात १८२८ व १८४८ च्या कायद्यांनी इलाख्यांच्या राजधान्यांकरिता नादारी न्यायालयांची सोय झाली. इतर प्रदेशांसाठी सर्वसाधारण अधिनियम १९०७ मध्ये संमत झाला.

महाराष्ट्रात या प्रश्नास वेगळीच पार्श्वभूमी लाभली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला व त्यात कर्जरोखे जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम करण्यात आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करण्यास त्याने बंदी घातली व शेतकऱ्यास नादारीचा अर्ज करण्याची स्वतंत्र सोयही केली.

प्रचलित कायदे : मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांना इलाखा शहर नादारी अधिनियम, १९०९ लागू असून तेथे उच्च न्यायालयास अधिकारिता आहे. इतरत्र प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० लागू असून त्याखालील अर्ज जिल्हा न्यायालयाकडे किंवा राज्य शासनाने अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयाकडे करावा लागतो. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या नव्या कायद्याने हे दोन्ही अधिनियम रद्द करण्याची तरतूद केली आहे; परंतु व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता अंमलात आणण्यात आला. त्यामुळे पगारदार, छोटा दुकानदार किंवा कारागीर यांना जुन्या अधिनियमांचाच आश्रय घ्यावा लागतो. पुढील विवेचन मुख्यतः १९२० च्या अधिनियमास अनुसरून आहे.

अर्ज कोण करू शकतो : ऋणको स्वतः किंवा त्याचा धनको अर्ज करू शकतो. ऋणकोने आपण देणी फेडण्यास असमर्थ आहोत असे दाखविणे आवश्यक असून, त्याखेरीज पुढील तीनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते : देणी एकूण किमान ५०० रुपयांची असणे, पैशाच्या हुकूमनाम्यापायी तो अटकेत असणे, किंवा तशा हुकूमनाम्यावरून त्याच्या मत्तेवर जप्तीचा आदेश असणे. शंभर वर्षांपूर्वी ५०० रुपये ही रक्कम लहान नव्हती; आता ही अट नाममात्र उरली आहे. धनकोस मात्र ऋणकोने अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखादी ‘नादारीची कृती’ केल्याचे सिद्ध करावे लागते. धनकोंना चुकविण्यासाठी गाव सोडणे, त्यांना फसविण्याच्या हेतूने मत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, देणी देणे थांबवीत असल्याची नोटीस देणे इ. कृतींचा त्यात समावेश होतो.

अर्जात सर्व धनकोंची माहीत असलेली नावे व पत्ते, प्रत्येकाची रक्कम, स्वतःच्या सर्व मत्तेचा तपशील, किंमत व ठिकाण, तसेच ती मत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी नमूद करावी लागते. पूर्वी असा अर्ज केला असल्यास तेही सांगावे लागते. एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेता येत नाही. हिशेबाच्या वह्या हजर करणे व न्यायालयाच्या प्रश्नांना उत्तरे देणे ऋणकोवर बंधनकारक असते. एखादी वस्तू किंवा एखादे देणे दडविणे, हे या प्रक्रियेत ऋणापेक्षाही घातक ठरते; कारण अशी लबाडी हा स्वतंत्र अपराध असून त्याबद्दल एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

नादार ठरविल्याचे परिणाम : अर्ज योग्य वाटल्यास न्यायालय ऋणकोस नादार ठरविणारा आदेश देते व तो शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होतो. या आदेशाने त्याची मत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रापकाकडे (रिसीव्हरकडे) निहित होते. मुंबईत हे काम शासकीय अभिहस्तांकिती पाहतो. ऋणमुक्तीपूर्वी वारसाहक्काने किंवा अन्य मार्गाने मिळालेली नवी मत्ताही त्याच्याकडेच जाते. त्यानंतर कोणत्याही धनकोस न्यायालयाच्या अनुमतीशिवाय आपल्या पैशासाठी स्वतंत्र दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण मात्र आपोआप मिळत नाही. त्यासाठी नादाराने वेगळा आदेश मागावा लागतो.

तारण घेतलेल्या धनकोची स्थिती निराळी असते. घर गहाण ठेवून कर्ज दिलेल्या बँकेस त्या घराची विक्री करून आपली रक्कम वसूल करण्याचा अधिकार नादारीच्या आदेशानंतरही शाबूत राहतो. म्हणून गहाण पडलेले घर वाचविण्यासाठी नादारीचा उपयोग होईल ही अपेक्षा सामान्यतः फोल ठरते.

कोणती मत्ता वाचते : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमान्वये ज्या वस्तूंवर जप्ती आणता येत नाही, त्या नादारीतही ऋणकोकडेच राहतात. नादाराच्या व त्याच्या कुटुंबाच्या वापरातील आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखे, धार्मिक रूढीनुसार स्त्रीस अंगावेगळे करता येत नाहीत असे अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेसाठी लागणारी गुरे, बियाणे व राहते घर यांचा त्यांत अंतर्भाव होतो. भविष्यनिर्वाह निधीसही संरक्षण आहे. पगाराच्या बाबतीत पोटगीव्यतिरिक्त अन्य हुकूमनाम्यांसाठी पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश जप्तीपासून मुक्त असतात. उदा., ३१,००० रुपये पगारापैकी २१,००० रुपयांस हात लावता येत नाही.

मत्ता अगोदरच नातेवाइकांच्या नावे करून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि नादारीच्या अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकते. तसेच अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या मर्जीतील धनकोस इतरांपेक्षा झुकते माप देण्यासाठी केलेली फेडही निरर्थक ठरते.

वाटप : प्रापक मत्ता विकून आलेल्या पैशातून प्रथम खर्च भागवितो. त्यानंतर शासनाची व स्थानिक संस्थांची देणी आणि नोकर व मजूर यांचे ठराविक मर्यादेपर्यंतचे वेतन यांस अग्रक्रम मिळतो. उरलेली रक्कम बिनतारणी धनकोंत प्रमाणशीर वाटली जाते. समजा, बिनतारणी देणी एक लाख रुपये असून वाटपासाठी ३०,००० रुपये उरले. तर प्रत्येक धनकोस रुपयामागे तीस पैसे मिळतील, म्हणजे ज्याचे ४०,००० रुपये येणे आहे त्याच्या वाट्यास १२,००० रुपये येतील. तगादा मोठ्या आवाजात लावणारा आणि गप्प बसलेला असे दोघेही येथे एकाच पंगतीस बसतात. ऋणकोने तडजोडीची योजना मांडल्यास, संख्येने बहुसंख्य व येणे रकमेच्या तीन-चतुर्थांश इतक्या धनकोंनी ती स्वीकारल्यावर न्यायालय तिला मान्यता देऊ शकते.

ऋणमुक्ती : नादार ठरणे म्हणजे ऋणातून सुटणे नव्हे. सर्वसामान्यांचा याबाबत मोठा गैरसमज आढळतो. न्यायालय नादारीच्या आदेशातच एक मुदत ठरवून देते व त्या मुदतीत ऋणमुक्तीसाठी निराळा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास नादारीचा आदेश रद्द होऊ शकतो आणि मत्ता गेलेली असूनही ऋणको पुन्हा धनकोंच्या तोंडी येतो.

ऋणमुक्तीच्या वेळी न्यायालय ऋणकोचे पूर्वीचे वर्तन तपासते. हिशेबाच्या वह्या न ठेवणे, दिवाळे निघाल्याचे ठाऊक असूनही धंदा चालू ठेवणे, फेडीची वाजवी आशा नसताना कर्ज काढणे, बेफाम सट्टा, उधळपट्टी किंवा जुगार यांपैकी काही सिद्ध झाल्यास पूर्ण व बिनशर्त मुक्तता नाकारली जाते. मत्तेतून बिनतारणी देण्यांच्या रुपयामागे पन्नास पैसेही निघत नसतील, तर ही अवस्था आपल्या दोषाविना ओढवली असे ऋणकोस पटवून द्यावे लागते. वरील उदाहरणातील ऋणकोचा आजार, त्याच्या दुकानाला लागलेली आग किंवा बुडालेले पीक यांचे पुरावे येथे निर्णायक ठरतात.

ऋणमुक्तीनंतरही काही देणी कायम राहतात : शासनाची देणी, कपटाने किंवा विश्वासघाताने उद्भवलेली देणी आणि फौजदारी न्यायालयाने ठरविलेली पोटगी. शिवाय ऋणकोची मुक्तता म्हणजे त्याच्या जामीनदाराची मुक्तता नव्हे. धनको त्याच्याकडे वळू शकतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या कर्जास कोण जामीन राहिले आहे, याचा विचार करणे हे केवळ कायद्याच्या नव्हे, तर माणुसकीच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

कुटुंबीयांची जबाबदारी : पतीच्या कर्जावर पत्नीने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर तिच्या स्वतःच्या मत्तेवर त्या कर्जाचा बोजा सामान्यतः येत नाही. वडिलांचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानणारा हिंदू विधीतील नियम, २००५ च्या हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियमाने, त्यानंतर काढलेल्या कर्जांपुरता संपुष्टात आणला. वारसास मिळालेल्या मत्तेच्या मर्यादेपर्यंत मृताची देणी मात्र त्या मत्तेतून वसूल होऊ शकतात.

निर्बंध व कारावास : ऋणमुक्त न झालेल्या नादारास संसदेचे किंवा राज्य विधिमंडळाचे सदस्य होता येत नाही; संविधानाच्या १०२ व १९१ या अनुच्छेदांत तशी तरतूद आहे. स्थानिक संस्थांच्या सदस्यत्वासही तो अपात्र ठरतो. आपली स्थिती न सांगता ५० रुपये वा त्याहून अधिक रकमेची उधारी घेणे हा अपराध आहे. मात्र दारिद्र्य हा स्वतः अपराध नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ ऐपत नसल्यामुळे कर्ज थकविणाऱ्यास दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, त्यासाठी दुष्ट हेतू किंवा ऐपत असूनही केलेली टाळाटाळ दिसली पाहिजे, असे स्पष्ट केले.

नवी संहिता : २०१६ च्या संहितेत व्यक्तींसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणापुढील तीन मार्ग आखले आहेत : अल्प ऋणकोंसाठी ‘नवी सुरुवात’, परतफेडीची योजना आणि ती फसल्यास दिवाळखोरी. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मत्ता २०,००० रुपयांपर्यंत व पात्र देणी ३५,००० रुपयांपर्यंत असून स्वतःचे घर नसलेल्यास पहिला मार्ग खुला ठेवला आहे. दिवाळखोरीतून मुक्तता एक वर्षानंतर मिळावी, अशीही तरतूद आहे. कंपन्यांच्या जामीनदारांना लागू केलेल्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ व २०२३ मध्ये वैध ठरविल्या. ज्या अल्प ऋणकोंसाठी पहिला मार्ग आखला गेला, त्यांच्यापर्यंत मात्र या संहितेचा लाभ पोहोचलेला नाही.

समारोप : नादारी ही कर्जमाफी नव्हे. कर्जमाफीत शासन धनकोची भरपाई करते किंवा ऋण विशेष कायद्याने नष्ट करते. नादारीत ऋणको जे आहे ते सर्व देतो व त्याच्या मोबदल्यात पुन्हा उभे राहण्याची संधी मागतो. कर्जापायी गाव सोडणारा किंवा जीवनाचा अंत करू पाहणारा माणूस बहुधा हे गृहीत धरून चाललेला असतो, की आता सुटकेची वाट उरली नाही. ही वाट अरुंद, खर्चाची व काहीशी मानहानीची असली, तरी ती कायद्याने खुली ठेवलेली आहे; आणि सर्व हिशेब खरेपणाने मांडणे हीच तिच्यावरील प्रवेशाची पहिली अट आहे.