विश्लेषण : बाल्कनीत मोहोळ लागले आहे? फवारणीवाल्याला फोन करण्याआधी हे वाचा

मधमाश्या नेमक्या कोणत्या, त्या किती दिवस राहतात, कोणाला बोलवायचे आणि डंख झालाच तर पहिल्या मिनिटात काय करायचे?

दिवाळी झाली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. सातव्या-आठव्या मजल्याच्या छज्जाखाली लोंबणारा काळपट, अर्धगोल पडदा. त्याखाली पहिला मेसेज 'कोणीतरी पेस्ट कंट्रोलला बोलवा', दुसरा 'आमच्या गावी मशाल लावतात', आणि तिसरा एखाद्या काकूंचा, 'राहू द्या, लक्ष्मी आहे'. पुढचे दोन दिवस ग्रुपवरच मोहोळ उठलेले असते.

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी पहिल्या मेसेजचा विजय झाला. भर दुपारी अकरा वाजता एक माणूस लांब नळीने कीटकनाशक मारून गेला. पुढचे तीन दिवस पार्किंगमध्ये अर्धमेल्या माश्या सरपटत होत्या. अनवाणी खेळणाऱ्या दोन मुलांना आणि झाडू मारणाऱ्या मावशींना डंख झाले. पुढच्या दिवाळीनंतर त्याच छज्जाखाली, अगदी त्याच जागी, नवे मोहोळ हजर होते. पैसे गेले, माश्या मेल्या आणि प्रश्न तसाच राहिला. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी माशी ओळखावी लागते.

दिसते ती प्रत्येक माशी आग्याच का?

नाही. सगळी गडबड इथूनच सुरू होते. महाराष्ट्रात घराच्या आसपास प्रामुख्याने तीन प्रकारच्या मधमाश्या दिसतात.

उघड्यावर, उंचावर, एकच मोठे पोळे लोंबत असेल तर ती आग्या माशी. पाण्याची टाकी, पुलाची कमान, वड-पिंपळाची फांदी, इमारतीचा छज्जा या तिच्या आवडत्या जागा. पोळे एक मीटरहून रुंद होऊ शकते आणि माश्यांची संख्या ५० हजारांच्या पुढे जाऊ शकते. तुम्हाला जो काळा पडदा दिसतो ते पोळे नव्हेच. पोळ्यावर एकमेकींना धरून लोंबणाऱ्या माश्यांचे ते थर असतात. हात जवळ नेला किंवा पक्षी आला की त्या पडद्यावरून लाट फिरल्यासारखी चमक जाते. तो इशारा असतो. तो दिसला की मागे फिरायचे.

भिंतीतल्या भेगेत, मीटरच्या पेटीत, बंद पडलेल्या एसीच्या डक्टमध्ये किंवा जुन्या फ्लशच्या टाकीत ये-जा दिसत असेल तर ती बहुधा सातेरी. ही अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते आणि मधपेटीत सुखाने राहते. तिसरी फुलोरी. कुंपणाच्या मेंदीत किंवा कुंडीतल्या झाडाच्या फांदीभोवती तळहाताएवढे एकच पोळे बांधणारी ही माशी लहानखुरी आणि बरीच शांत असते.

गांधीलमाशी ही मधमाशी नाही. तिचे घर कागदासारखे, करड्या रंगाचे असते आणि त्यात मध नसतो. भिंतीवर मातीचे गोळे चिकटवणारी कुंभारीण तर सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. त्यामुळे कोणालाही फोन करण्याआधी लांबून, झूम करून एक फोटो काढा. फ्लॅश मात्र नको.

फांदीवर अचानक घोळका बसला तर?

पोळे नाही, नुसताच माश्यांचा गोळा, आणि तोही तासाभरापूर्वी नव्हता? मग ही घर बदलायला निघालेली वसाहत आहे. मध्ये राणी, भोवती कामकरी माश्या. काही माश्या नवी जागा शोधायला गेलेल्या असतात. या वेळी राखायला ना पिल्ले असतात ना मध, त्यामुळे त्या सहसा आक्रमक नसतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत घोळका निघून जातो. खिडक्या लावा, मुलांना लांब ठेवा आणि वाट बघा. यात करण्यासारखे दुसरे काही नाही.

त्या आपल्याच इमारतीत का येतात?

इंजिनीअरिंगला कॅन्टिलिव्हरची गणिते सोडवताना ते पाहुण्यांसाठी असतात, असे कोणी सांगितले नव्हते. पण आग्या माशीच्या नजरेने पाहा. भिंतीतून पुढे आलेला छज्जा म्हणजे कडा. वरून पाऊस-उन्हाला आडोसा, खालून मोकळे उड्डाण आणि जमिनीवरच्या शत्रूंपासून उंची. शहरात जुनी मोठी झाडे कमी झाली आणि काँक्रीटचे कडे वाढले.

आग्या माशी स्थलांतर करते. आपल्याकडे ती साधारण पावसाळ्यानंतर, फुलोरा सुरू झाला की येते आणि फुले-पाणी आटले किंवा पाऊस तोंडावर आला की पोळे सोडून जाते. वसाहती वर्षानुवर्षे त्याच जागी परतताना दिसतात. जुन्या मेणाचा वासही नव्या पाहुण्यांना खुणावतो. आमच्या छज्जाखाली नेमके हेच राहून गेले होते. माश्या मारल्या, पण मेण कोणी खरवडले नाही.

मग काढायचे की राहू द्यायचे?

माझे मत स्पष्ट आहे. माणसांच्या वावरापासून दूर, बाहेरच्या भिंतीवर उंच असलेले आग्या मोहोळ हंगाम संपेपर्यंत राहू द्यावे. मात्र ते हाताच्या अंतरावरच्या खिडकीला, लिफ्टच्या मशीन रूमच्या दाराला, टाकीच्या शिडीला किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेला लागून असेल तर काढावेच लागते. घरात कोणाला मधमाशीच्या डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तरीही.

राहू द्यायचे ठरले तर काही पथ्ये आहेत. त्या बाजूला ड्रिलिंग, काचा धुणे, रंगकाम, ड्रोन, फटाके आणि शेकोटीचा धूर बंद. पतंगाचा मांजा पोळ्यात अडकला तरी मोहोळ उठते. कधी मधुबाज हा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि त्याचा राग खाली उभ्या असलेल्या माणसांवर निघतो. शिवनेरी, अजिंठा अशा ठिकाणी पर्यटकांवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपण वाचतो. तिथेही कोणीतरी केलेला धूर किंवा भिरकावलेला दगड, आणि शिक्षा भलत्यालाच, असे घडू शकते.

रात्रीचे दिवेही महत्त्वाचे. आग्या माश्या उजेडाकडे ओढल्या जातात. सकाळी बाल्कनीतल्या ट्यूबखाली मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो तो त्यामुळे. पोळ्याच्या बाजूचा दिवा बंद ठेवा, पडदे ओढा. नाही तर रात्री स्वयंपाकघरात माश्या शिरल्याची तक्रार ठरलेली.

काढायचे असेल तर कोणाला बोलवायचे?

प्रशिक्षित मधपाळाला. पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. तिथे किंवा जिल्ह्याच्या ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी केली तर आपल्या भागातल्या मधपाळांचा पत्ता लागू शकतो. ज्याला बोलवाल त्याला तीन प्रश्न विचारा. अंगभर संरक्षक पोशाख आहे का? माश्या मारणार की हुसकावणार? मेण खरवडून जागा साफ करून देणार का? तिसऱ्या प्रश्नाला 'ते तुमचे तुम्ही बघा' असे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधा.

आग्या माशी पेटीत राहत नाही, त्यामुळे 'पेटीत भरून नेतो' असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. जाणकार माणूस हलका धूर देऊन माश्या बाजूला सारतो आणि पोळे कापून उतरवतो. माश्या एक-दोन दिवस त्याच जागी घोटाळतात आणि मग निघून जातात. हे दोन दिवस सगळ्यात नाजूक. काम झाले म्हणून लगेच खिडक्या उघडू नका.

मशाल लावणे हा मात्र शुद्ध वेडेपणा आहे. जळत्या माश्या खाली पडतात, वाचलेल्या उजेडाकडे झेपावतात, आणि इमारतीत गॅसच्या पाइपलाइनी असतात. फवारणीने पोळ्यातला मध विषारी होतो तो वेगळाच. असा मध कोणी 'शुद्ध गावरान' म्हणून बाटलीत भरून दिला तर घेऊ नका.

सातेरीचे काम त्या मानाने सोपे. मधपाळ पिल्लांची पोळी कापून चौकटीत बांधतो, राणीसकट वसाहत पेटीत घेतो आणि अंधार पडल्यावर पेटी नेतो. भिंत फोडणे शक्य नसेल तर भोकावर जाळीचे नरसाळे बसवतात. माश्या बाहेर पडतात, पण परत आत शिरायची वाट त्यांना सापडत नाही. थोडक्यात, एकमार्गी व्हॉल्व्ह. याला काही आठवडे लागतात. घाईने सिमेंट लावून भोक बुजवण्याची चूक करू नका. आतल्या माश्या दुसरी फट शोधतात आणि ती तुमच्या बेडरूममध्ये उघडू शकते. आतच मेल्या तर मध झिरपून भिंतीवर डाग पडतात, मुंग्या-झुरळे येतात.

उन्हाळ्यात नळाशी माश्या येतात, तेव्हा?

जवळ पोळे असेलच असे नाही. त्या पाणी न्यायला येतात. पिल्लांसाठी पोळ्याचे तापमान ३४-३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते, म्हणून माश्या पाणी आणून पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. आपल्या डेझर्ट कूलरचेच तत्त्व. एसीचे टपकणारे पाणी बादलीत घ्या, गळका नळ दुरुस्त करा आणि गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात खडे घातलेली पाण्याची ताटली ठेवा. सवय लागायला काही दिवस जातात, म्हणून ताटली रोज त्याच जागी भरलेली हवी.

डंख झाला तर?

पहिला डंख बसताच तिथून निघा. मधमाशी डंख मारते तेव्हा पक्व केळ्यासारख्या वासाचे रसायन सुटते आणि ते बाकीच्यांना 'इथे मारा' असे सांगते. हात झटकू नका. चेहरा कापडाने झाका, सरळ पळा आणि घरात किंवा गाडीत शिरून दार लावा. आग्या माश्या शंभर मीटरहून जास्त पाठलाग करू शकतात. पाण्यात उडी मारू नका, डोके वर काढताच त्या तिथेच असतात.

काटा त्वचेत राहिला की त्याला जोडलेली विषाची पिशवी आकसत राहते. नखाने खरवडा की चिमटीने ओढा, यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो लगेच काढा. मग साबणाने धुवा, बर्फ लावा. लोखंड घासणे, चुना लावणे यात वेळ घालवू नका. श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, घरगुती उपाय नव्हे. एकाच वेळी खूप डंख झाले असतील तर माणूस ठीक वाटला तरी रुग्णालयात न्या. विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर नंतर दिसू शकतो.

पुन्हा येऊ नयेत म्हणून?

माश्या गेल्यावर मेण पूर्ण खरवडा, जागा साबणाच्या पाण्याने घासा, वर रंगाचा हात मारा. छज्जाखाली ताणून जाळी बसवली तर पोळे बांधायला जागाच उरत नाही. भोके आणि डक्टला ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी लावा. कडुनिंबाचे तेल, सिट्रोनेला यांचा वास काही दिवस टिकतो, पूर्ण हंगाम नाही.

आमच्या सोसायटीत यंदा मोहोळ आठव्या मजल्यावर, कोणाच्याही खिडकीपासून लांब आहे. ग्रुपवर तीन दिवस भांडण झाल्यावर ते राहू द्यायचे ठरले. लिफ्टमध्ये सूचना लागली आहे आणि त्या बाजूचे रंगकाम पुढे ढकलले आहे. जूनमध्ये माश्या गेल्या की दोरीवरून उतरून मेण खरवडायचे काम द्यायचे आहे. त्याचे कोटेशन अजून कोणी मागवलेले नाही.