काळे पाणी

काळे पाणी : गंभीर गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीस समुद्रपार दूरच्या वसाहतीत नेऊन सक्तमजुरीस लावण्याची शिक्षा. समुद्र ओलांडल्याने जात जाते, अशी समजूत रूढ असल्यामुळे हिंदू समाजात या शिक्षेची धास्ती मोठी होती. तीतूनच हे लोकप्रचलित नाव रूढ झाले.

इंग्लंडने १७१८ च्या कायद्यान्वये आपले गुन्हेगार अमेरिकेतील वसाहतींत व पुढे १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात धाडले. ऑस्ट्रेलियात गेलेल्यांची संख्या सुमारे १,६०,००० होती. हीच पद्धती ईस्ट इंडिया कंपनीने भारतात अवलंबिली. सुमात्रातील बेंकूलन (१७८७), त्यानंतर पिनांग, मॉरिशस (१८१५) व सिंगापूर (१८२५) येथे बंदिवान पाठविण्यात आले. मॉरिशसला गेलेल्या सुमारे १,५०० बंदिवानांत मुंबई इलाख्यातील लोकही होते. तेथील रस्ते त्यांच्या श्रमाने झाले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विनने त्यांना पाहिले होते. सिंगापूरचे सेंट अँड्रूज कॅथीड्रलही बंदिवानांच्याच हातचे. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, अंदमानात २०० बंदिवान उतरविण्यात आले. तेथील सेल्युलर जेल १८९६–१९०६ या काळात बांधले गेले.

अशा बंदिवानाचा जीवनक्रम जुळविण्याची साधने मुख्यतः तीन : न्यायालयाचा निवाडा, जहाजावरील रवानगीची यादी व वसाहतीतील नोंदी. रवानगीच्या यादीत नाव, जात, वय, उंची, अंगावरील खुणा, गुन्हा व शिक्षेची मुदत दिलेली असे. नावे इंग्रज लेखनिकांनी कानास आली तशी उतरविल्याने एकच माणूस दोन याद्यांत दोन नावांनी आढळतो. म्हणून व्रण, देवीचे वण, गोंदण या खुणांचा ओळख पटविण्यास अधिक उपयोग होतो. बंगालमध्ये तर जन्मठेपीच्या बंदिवानाच्या कपाळावर गुन्हा गोंदवीत; ही प्रथा १८४९ मध्ये बंद झाली. अंदमानात बंदिवानाच्या गळ्यात क्रमांक, कलम व सुटकेची तारीख दर्शविणारा लाकडी बिल्ला असे. वि. दा. सावरकरांच्या सुटकेचे वर्ष १९६० असे ठरविलेले होते.

प्रशासकीय फेरबदलही लक्षात घ्यावे लागतात. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्यामुळे देवळी येथील बंदिवानाचा त्यापूर्वीचा माग नागपूरच्या दप्तरात घ्यावा लागतो. मुंबई व नागपूर येथील पुराभिलेखागारे, नवी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर ही याविषयीची प्रमुख संग्रहालये होत.

वासुदेव बळवंत फडके यांचे चरित्र या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पूर्वीच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील शिरढोण येथे १८४५ मध्ये जन्मलेल्या व पुण्यास लष्करी हिशेब खात्यात नोकरीस असलेल्या फडक्यांनी १८७९ मध्ये सशस्त्र बंड केले. त्याच वर्षी ते पकडले जाऊन त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांची रवानगी अंदमानात न होता त्यावेळी मुंबई सरकारच्या अखत्यारीतील एडनला झाली. तेथील तुरुंगातून ते एकदा निसटले, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा अंत झाला. त्यांचा खटला गाजल्याने व त्यांनी स्वतः आत्मवृत्त लिहिल्याने हा क्रम लावता येतो.

सामान्य बंदिवानाच्या बाबतीत मात्र अशी साधने क्वचितच मिळतात. सरकारी दप्तरात त्याची नोंद येते ती श्रम, आजार, शिस्तभंग किंवा मृत्यू यांच्या निमित्ताने. मागे राहिलेल्या बायकामुलांचे काय झाले, हे त्यात नसते. शिवाय गुन्ह्याची नोंद म्हणजे सत्ताधाऱ्यांनी त्या कृत्यास दिलेले नाव होय. एका दप्तरातील दरोडेखोर गावाच्या दृष्टीने बंडखोर असू शकतो. शिक्षेचा काही काळ सरल्यावर चांगल्या वर्तनाच्या बंदिवानास अंदमानात शेती व विवाह करण्याची परवानगी मिळे. त्यांपैकी अनेक जण तेथेच स्थायिक झाले. मूळ गावाच्या दृष्टीने नाहीशा झालेल्या माणसाचे घराणे अशा रीतीने बेटावर पुढे चालू राहिले. म्हणून केवळ रवानगीची नोंद पाहून त्याचे चरित्र संपले, असे मानता येत नाही.

अंदमानची बंदिवान वसाहत १९४५ मध्ये अधिकृतपणे संपुष्टात आली. भारतीय दंडसंहितेतील समुद्रपार हद्दपारीच्या शिक्षेची जागा १९५५ च्या दुरुस्तीने आजीव कारावासाने घेतली. ही दुरुस्ती १ जानेवारी १९५६ पासून अंमलात आली.