यंत्राचा निर्णय आणि माणसाची देखरेख

धरणाचे दरवाजे माणसाचा हात न लागता उघडावेत, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे विसाव्या शतकाच्या आरंभीच पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर बसविले गेले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या राधानगरी धरणालाही असे सात दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि दर पावसाळ्यात त्याची बातमी होते. पाण्याचा भार आणि वजनांचा तोल हे त्यामागील तत्त्व नववीच्या विद्यार्थ्यालाही फळ्यावर आकृती काढून समजावता येते. दरवाजा का उघडला, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. मात्र त्या दरवाज्याला नदीकाठच्या गावांची काही माहिती नसते. वस्तीला सावध करणे, गुरे हलविणे, पुलावरची वाहतूक थांबविणे हे काम तेव्हाही माणसांचे होते आणि आजही आहे.

आता सार्वजनिक सेवांमध्ये वेगळ्या प्रकारचे यंत्र येत आहे. उद्या विजेची मागणी किती असेल, वारा आणि ऊन यांपासून किती वीज मिळेल, जलवाहिनीला गळती कोठे लागली असावी, चौकातील सिग्नल किती वेळ हिरवा ठेवावा, अशा कामांसाठी जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होऊ लागला आहे. त्याचे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या सेवांवर लक्षावधी लोकांचे जीवन अवलंबून आहे तेथे या यंत्रावर माणसाची देखरेख असलीच पाहिजे, असे आता अनेक देशांत आग्रहाने म्हटले जाते. ही देखरेख म्हणजे नेमके काय, आणि ती खरी केव्हा व नावापुरती केव्हा, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

जुन्या स्वयंचलित यंत्राला माणसाने नियम सांगितलेला असे. पाणी अमुक पातळीला पोहोचले की अमुक कृती करावयाची, एवढेच ते जाणत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आपला नियम भूतकाळातील असंख्य नोंदींवरून स्वतःच बांधते. त्या नोंदींतून त्याने काय उचलले, हे पुष्कळदा ते तयार करणाऱ्यांनाही नेमके सांगता येत नाही. शिवाय जे पूर्वी घडले नाही ते समोर आले असता ते गोंधळून थांबेलच असे नाही. चुकीचे उत्तरही ते पूर्वीच्याच ठामपणे देऊ शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली येथे पुराच्या पाण्याने २००५ च्या महापुराची पातळी ओलांडली. ज्यांनी २००५ च्या खुणेवरून अंदाज बांधला त्यांचा अंदाज चुकला. केवळ जुन्या नोंदींवर शिकलेल्या यंत्रापुढेही हाच धोका असतो. फरक एवढाच, की माणूस घाबरतो, शेजाऱ्याला विचारतो आणि बाहेर जाऊन पाणी पाहून येतो.

वीज आणि पाणी यांना आपण सार्वजनिक सेवा म्हणतो, त्यामागे इतिहास आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना ही त्या काळातील कामे होत. वीज स्वस्त व मुबलक मिळावी आणि तिच्यावर सार्वजनिक नियंत्रण असावे, अशी त्यांची भूमिका होती. जी गोष्ट सर्वांच्या जगण्याचा आधार आहे तिचे निर्णय कोण घेतो आणि त्यांचा जाब कोणाला विचारता येतो, हा प्रश्न तेव्हाचाच आहे. यंत्र बदलले म्हणून तो मिटत नाही.

माणसाची देखरेख म्हणजे यंत्राच्या प्रत्येक कृतीवर माणसाची सही, असा अर्थ केला तर तो व्यवहारात टिकणार नाही. विजेच्या तारेवर दोष निर्माण झाला तर रिले नावाचे उपकरण क्षणार्धात ती तार जाळ्यातून तोडते. तेथे माणसाची संमती घेत बसलो तर उपकरणे जळून जातील. म्हणून देखरेखीचे तीन प्रकार समजून घ्यावे लागतात. जेथे विचार करण्यास अवधी आहे आणि परिणाम गंभीर आहेत, उदाहरणार्थ धरणातून किती पाणी सोडावे, तेथे यंत्राने सल्ला द्यावा व निर्णय माणसाने घ्यावा. जेथे काम सतत चालू असते तेथे यंत्राने काम करावे, माणसाने पाहत राहावे आणि गरज पडताच हस्तक्षेप करावा. जेथे क्षणाचाही अवधी नाही तेथे यंत्राने किती मर्यादेत वागावे हे माणसाने आधीच ठरवून द्यावे आणि घटनेनंतर ते तपासावे. तिन्ही ठिकाणी माणूस आहे, पण त्याची जागा वेगवेगळी आहे.

तथापि माणसाला जागा दिली म्हणजे देखरेख झाली असे नव्हे. गेल्या साठ वर्षांतील मोठ्या अपघातांचा इतिहास वाचला तर बहुतेक ठिकाणी यंत्रापाशी माणूस होताच. तरीही अनर्थ टळला नाही. पुढील घटनांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, साधी स्वयंचलित यंत्रणा होती. म्हणूनच त्यांपासून मिळणारा धडा अधिक स्पष्ट आहे. आमच्या मते खऱ्या देखरेखीला चार गोष्टी लागतात : ज्ञान, सराव, अधिकार आणि उत्तरदायित्व.

पहिली गोष्ट ज्ञान. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीची एक झडप उघडी अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद असल्याचे सुचवीत होता. तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नव्हता. झडप बंद करण्याची आज्ञा गेली आहे, एवढेच तो दाखवीत होता. कर्मचाऱ्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला. दोन तासांहून अधिक काळ थंड ठेवणारे पाणी त्या झडपेतून निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. आज्ञा देणे आणि आज्ञा पाळली जाणे यांतील अंतर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. त्या दिव्याला ते ठाऊक नव्हते.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ओहायो राज्यातील एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली त्या दुपारी बंद पडली होती आणि ती बंद पडल्याची सूचना कोणालाच मिळाली नाही. पडद्यावर शांतता होती म्हणून सर्व ठीक आहे असे मानले गेले. प्रत्यक्षात वाढलेल्या झाडांना टेकून एकामागून एक वाहिन्या बंद पडत होत्या. पाहणारा माणूस होता. पाहण्याचे साधन आंधळे झाले होते. म्हणून देखरेख करणाऱ्याजवळ यंत्राखेरीज माहितीचा दुसरा, स्वतंत्र मार्ग असणे अत्यावश्यक आहे.

दुसरी गोष्ट सराव. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये एका निबंधात एक विसंगती दाखवून दिली. आपण सोपी कामे यंत्राकडे देतो आणि अवघड प्रसंग तेवढा माणसाकडे ठेवतो. परंतु रोजचे काम सुटल्यामुळे त्याच प्रसंगासाठी लागणारे कौशल्य माणूस गमावून बसतो. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेगमापक नळ्या बर्फाने बुजल्या आणि ऑटोपायलटने विमान अचानक वैमानिकांच्या हाती सोपविले. काय घडते आहे हे त्यांना उमगले नाही. सव्वाचार मिनिटांच्या आसपास विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ जणांचा मृत्यू झाला. पोहणे विसरलेल्याला पूर आल्यावर नदीत ढकलावे, तसा हा प्रकार होय. म्हणून यंत्र उत्तम चालत असतानाही माणसांनी ठरावीक दिवशी ते काम स्वतः करून पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट अधिकार. ३० जुलै २०१२ च्या रात्री अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला. त्या प्रदेशाची लोकसंख्या ६० कोटींहून अधिक होती. पश्चिम व दक्षिणेची जाळी टिकून राहिली. बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्ट वाहिनीवर प्रत्यक्ष दोष नव्हता. तिच्यावरील भार फार वाढला आणि रिलेने त्या भारालाच दोष समजून वाहिनी तोडली. यंत्राने आपल्या समजुतीप्रमाणे काम केले. पण त्याआधी, काही राज्यांनी आपल्या वाट्यापेक्षा अधिक वीज खेचणे थांबवावे अशा सूचना प्रादेशिक भार प्रेषण केंद्राने दिल्या होत्या आणि त्यांचे पुरेसे पालन झाले नाही, असे केंद्र सरकारच्या चौकशी समितीने नोंदविले. धोका दिसत होता आणि तो सांगितलाही जात होता. सांगणाऱ्याचे ऐकले गेले नाही. ज्याचा शब्द चालत नाही त्याची देखरेख ही केवळ साक्ष ठरते.

चौथी गोष्ट उत्तरदायित्व. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ लोक मरण पावले. विमानाचे नाक आपोआप खाली वळविणारी एक प्रणाली त्यात बसविलेली होती. ती एकाच संवेदकाच्या नोंदीवर अवलंबून होती आणि पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचे वर्णनही नव्हते. तरीही पहिल्या अपघातानंतर वैमानिकांच्या चुकांची चर्चा बराच काळ होत राहिली. शेवटचा हात ज्याचा, दोष त्याचा, ही सोयीची रीत आहे. यंत्र निवडणारे, घाईने मान्यता देणारे आणि माहिती दडविणारे मागे राहतात. पुढे येतो तो पाळीवरचा कर्मचारी. माणसाची देखरेख या नावाखाली असा बळी तयार ठेवला जात असेल, तर ती देखरेख नव्हे.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जो कायदा केला त्यात या अनुभवांचे प्रतिबिंब दिसते. रस्त्यावरील वाहतूक, पाणी, गॅस, उष्णता व वीज यांचा पुरवठा सुरक्षित ठेवण्यासाठी वापरली जाणारी अशी यंत्रणा त्याने अधिक जोखमीची ठरविली आहे. देखरेख करणाऱ्याला यंत्राच्या मर्यादा समजल्या पाहिजेत, यंत्रावर आंधळा विश्वास टाकण्याच्या प्रवृत्तीची त्याला जाणीव असली पाहिजे, यंत्राचे उत्तर बाजूला ठेवता आले पाहिजे आणि यंत्र थांबविता आले पाहिजे, असे तो कायदा सांगतो. हे काम पात्रता, प्रशिक्षण आणि अधिकार असलेल्या व्यक्तीकडेच द्यावे, असेही त्यात नमूद आहे. कायद्याची अंमलबजावणी कशी होते हे काळ दाखवील. पण नुसता ‘माणूस’ न म्हणता ‘कसा माणूस’ हे त्याने सांगितले, ही मोलाची गोष्ट होय.

आपल्या राज्यातही नद्यांची पातळी व पाऊस यांच्या नोंदी स्वयंचलित उपकरणांनी घेऊन पुराचा अंदाज बांधण्याची व्यवस्था उभी राहिली आहे, आणि ती हवीच. परंतु धरणातून पाणी केव्हा सोडावे हे केवळ गणित नाही. पाणी लवकर सोडले आणि पुढे पाऊस आला नाही तर रब्बीचे पीक जाते. उशिरा सोडले तर खालची वस्ती बुडते. कोणाचे किती नुकसान पत्करावयाचे, हा न्यायाचा प्रश्न आहे. यंत्र त्याची आकडेमोड करील. न्याय माणसांनी, उघडपणे आणि नाव लावून करावा लागेल. कारण पाणी शिरते ते बहुधा नदीकाठच्या सखल वस्तीत, वीज सर्वांत शेवटी परत येते ती दूरच्या पाड्यावर, आणि त्या घरांतील माणसे नियंत्रण कक्षात क्वचितच बसलेली असतात.

म्हणून गावात, तालुक्यात अशी यंत्रणा येईल तेव्हा नागरिकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. हे यंत्र चुकले तर ते कोणाला आणि कशावरून कळेल? ते थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्यासाठी त्याला किती वेळ मिळतो? ते बंद असताना काम करण्याचा सराव शेवटचा केव्हा झाला? निर्णयाची नोंद कोठे राहते आणि ती आम्हांस पाहता येते काय? या प्रश्नांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्या कार्यालयाला त्यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या यंत्रावर देखरेख नाही असे खुशाल समजावे.

या वसतिशाळेतून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या तंत्रनिकेतनात जातील, आयटीआयमध्ये जातील, वीज उपकेंद्रात किंवा जलशुद्धीकरण केंद्रात रात्रपाळीला बसतील. पडद्यावर सर्व ठीक आहे असे दिसत असताना बाहेर जाऊन एकदा पाणी पाहून येण्याची सवय त्यांनी सोडू नये. पडदा आणि पाणी यांत तफावत आढळली तर ती वरिष्ठांना लेखी कळविण्याचे धैर्य त्यांच्यात असावे, आणि ते कळविणाऱ्याचे ऐकून घेणारी व्यवस्था उभी करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.