कान जनावराचा, खूण कोणाची?

राज्यात १ जून २०२४पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, हे नंदुरबारच्या बाजारात आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. त्या बिल्ल्याचे सरकारी नाव कसे लिहायचे, यावर मात्र अजून एकमत दिसत नाही. कुठे ‘ईअर टॅगिंग’, कुठे ‘इअर टॅगिंग’, तर कुठे चक्क ‘इयर टॅगिंग’. हे शेवटचे वाचून जनावराला वर्षाचा शिक्का मारतात की काय, अशी शंका यावी. बारा आकड्यांचा हा पिवळा बिल्ला चांगला की वाईट, यावर भरपूर बोलून झाले आहे. कानावरची खूण नेमकी कोणाच्या कामाची असते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला, आणि त्याचे उत्तर या शब्दाच्या खानदानात सापडते.

इंग्रजीत या घराण्याचा मूळ पुरुष आहे ‘इअरमार्क’. आज त्याचा मुक्काम अर्थसंकल्पात असतो. अमुक कामासाठी निधी इअरमार्क केला, म्हणजे राखून ठेवला. आदिवासी उपयोजनेच्या कागदांमुळे नंदुरबारला हा अर्थ चांगलाच ठाऊक आहे. मूळ अर्थ मात्र अगदी शब्दशः कानावरची खूण. सामायिक कुरणात अनेकांची गुरे-मेंढरे एकत्र चरत, म्हणून ज्याने त्याने आपल्या जनावराचा कान ठरावीक तऱ्हेने कापायचा. सोळाव्या शतकात त्याचे क्रियापद झाले. पैशाला ते चिकटले फार नंतर, एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेच्या मोकळ्या कुरणांत या क्रियेला चांगलीच धार आली. न्यू मेक्सिकोतला बडा गुरेवाला जॉन चिझम आपल्या गुरांचा कान असा चिरायचा की त्याचा अर्धा भाग खाली लोंबत राही. ‘जिंगलबॉब’ नावाची ही खूण घोड्यावर बसल्या बसल्या लांबून ओळखू येई. उलट टेक्सासच्या सॅम्युअल मॅव्हरिकने आपल्या गुरांना डाग देण्याची तसदीच घेतली नाही. तेव्हापासून बिनखुणेचे वासरू म्हणजे ‘मॅव्हरिक’, आणि असे वासरू गाठून त्यावर आपला डाग उठवणे, यालाही तेच क्रियापद. थोडक्यात, खूण करील तो मालक.

हे सगळे गोऱ्यांचे शोध, असे मानायचे कारण नाही. वासराच्या कानावर सुरीने खूण करतानाचे सूक्त अथर्ववेदात आहे. पाणिनीने तर या खुणांच्या शुद्धलेखनाचाच नियम घालून दिला. खुणेचे नाव ‘कर्ण’ शब्दाला जोडताना आधीचा स्वर दीर्घ होतो, म्हणून विळ्याच्या आकाराची खूण असलेले जनावर ‘दात्राकर्ण’. त्याला अपवाद नऊ: कान फाडलेला, छाटलेला, भोक पाडलेला, मण्याची, पळीची, स्वस्तिकाची खूण असलेला वगैरे. विशिष्ट मालकाशी असलेला पशूचा संबंध कळावा म्हणून केलेली खूण, असा खुलासा पाणिनीवरची काशिकावृत्ती ही टीका करते. वैयाकरण अपवादांची एवढी लांब यादी देतो, ती शब्द लोकांच्या तोंडी रोज असतात म्हणूनच. म्हणजे अडीच हजार वर्षांमागे गायरानात उभ्या असलेल्या कोणालाही कानाकडे पाहून धनी सांगता येत होता. कौटिल्य पुढची पायरी गाठतो. त्याचा गोअध्यक्ष, म्हणजे गुरांवरचा अधिकारी, वासरू महिना-दोन महिन्यांचे झाले की त्याला डाग देतो आणि डाग, अंगावरची नैसर्गिक चिन्हे, रंग, दोन शिंगांतले अंतर अशी नोंद वहीत करतो. जनावर मेले, असे नुसते सांगून गुराख्याची सुटका नसे. गाय-म्हैस असेल तर डागाचे कातडे आणि शेळी-मेंढी असेल तर खुणेचा कान हजर करावा लागे.

या उदाहरणांत एक धागा समान आहे. जनावर पाळणारा आणि त्याच्यावर हक्क सांगणारा एकमेकांपासून दूर गेले, की खूण आली. म्हणूनच ‘आपल्या ढोराला आपण ओळखतो, बिल्ला कशाला?’ हा आक्षेप गावापुरता बिनतोड आहे. भोवरा, शिंगाची ठेवण, चाल यांवरून धनी आपला बैल अंधारातही ओळखील. पण नंदुरबारचा बाजार गावापुरता नाही. जिल्ह्याला एकीकडे गुजरात आणि दुसरीकडे मध्य प्रदेश लागून आहे. सकाळी विकलेले जनावर संध्याकाळी दुसऱ्या राज्यात असू शकते. २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यातून गुरांच्या लम्पी रोगाच्या बातम्या सुरू झाल्या आणि पाहता पाहता राज्यभर गुरांचे बाजार बंद करावे लागले. रोगी जनावर कोणत्या दावणीतून आले, हे सांगता आले नाही की सगळ्याच दावणींना शिक्षा होते. २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला, तेव्हा नंदुरबार जिल्ह्याने ती शिक्षा भोगली आहे. कान फाटतो, बाभळीत बिल्ला अडकतो, देखण्या बैलाची किंमत पडते, ही तक्रारही खरी. कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मध्ये बिल्ला नीट बसवला तर हे बरेचसे टळते. म्हणजे दोष घाईचा, खुणेचा नव्हे.

खरा दोष दुसरीकडे आहे. दात्राकर्ण बैलाचा कान कोणालाही वाचता येई. बारा आकडे वाचायला मोबाइल लागतो, ‘भारत पशुधन’ या सरकारी प्रणालीवरची नोंद ताजी लागते, आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात त्याआधी रेंज लागते. विक्री झाली पण मालक बदलल्याची नोंद झाली नाही, तर बिल्ला जुन्याच धन्याचे नाव सांगत राहतो आणि कानात खोटा दाखला लटकतो. त्यात भर म्हणजे बिल्ला नसेल तर वन्य प्राण्याच्या हल्ल्यात, विजेच्या धक्क्याने किंवा आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाई नाही. तळोद्याच्या उसात बिबट्याचा वावर असताना ही अट किरकोळ नाही. कौटिल्याने डागाचे कातडे मागितले, पण डाग देण्याची जबाबदारी आपल्याच अधिकाऱ्यावर टाकली होती. तोच न्याय इथे लागू करावा. पाड्यावर जाऊन बिल्ला मारणे आणि बाजारातच, पावती फाडतानाच मालकाचे नाव बदलणे हे सरकारचे काम. ते झाले नसेल तर भरपाई अडवण्याचा हक्कही सरकारला असू नये. तोवर बिल्ला कायद्याने सक्तीचा असेल, पण शेतकरी त्याला आपली खूण म्हणणार नाही.