चौघांचा एक सूर

आपल्याकडे मंडळ निघतं ते फुटण्यासाठीच, असं आपण गमतीनं म्हणतो. गणेशोत्सव मंडळापासून नाटक कंपनीपर्यंत कुठलंही उदाहरण घ्या. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे टेंबे तिथूनही बाहेर पडले. परदेशातही निराळं काही घडत नाही. बीटल्सची जगप्रसिद्ध चौकडी १९६२ साली जमली आणि १९७० साली मोडलीसुद्धा. जिथे कला, पैसा आणि टाळ्या एकत्र येतात तिथे ‘माझा वाटा किती’ हा प्रश्न उशिरा का होईना, येतोच.

म्हणूनच मला अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या चार गायकांचं नवल वाटत आलं आहे. लीवाय स्टब्स, अब्दुल ‘ड्यूक’ फकीर, रेनाल्डो ‘ओबी’ बेन्सन आणि लॉरेन्स पेटन. शाळकरी वयात, १९५३-५४ च्या सुमारास, ही मुलं एका मैत्रिणीकडच्या वाढदिवसाला एकत्र गायली आणि नंतर १९९७ पर्यंत एकत्रच गात राहिली. चार दशकांहून अधिक काळ! या काळात त्यांच्यातला एकही जण गेला नाही, एकही नवा आला नाही. ‘फोर टॉप्स’ या नावानं जगाला ठाऊक झालेला हाच तो संच.

त्यांचं संगीत ‘सोल’ या नावानं ओळखलं जातं. नावाप्रमाणेच ते आत्म्याचं गाणं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे. तिथे पुढचा गायक देवाला आळवतो आणि मागची मंडळी त्याला साद देतात. आपल्या शाहिराच्या मागे झीलकरी जसे ‘जी जी’ करत सूर धरतात, साधारण तसंच. त्या आर्त आळवणीत देवाच्या जागी प्रेयसी आली, टाळ्यांच्या जोडीला ड्रम्स आले आणि सोल संगीत जन्मलं. दक्षिणेतली शेतमजुरी सोडून मोटारींच्या कारखान्यांत कामाला आलेली हजारो कुटुंबं डेट्रॉइटमध्ये होती. गाणं त्यांच्यासोबत आलं होतं.

या चौघांतलं एक नाव वाचून तुम्ही थबकला असाल. फकीर? होय. ड्यूक फकीर यांचे वडील पूर्व बंगालचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. ते डेट्रॉइटमध्ये कारखान्यात काम करत. आई कृष्णवर्णीय, एका धर्मोपदेशकाची मुलगी. बोटींवर काम करणारे बंगाली खलाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बंदरांत उतरून तिथल्या काळ्या वस्त्यांत मिसळून गेले, हा इतिहास आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. या वस्त्यांतल्या एका घरात जन्मलेला अब्दुल पुढे अमेरिकेच्या घराघरांत ऐकू येणार होता.

सुरुवातीला संचाचं नाव होतं ‘फोर एम्स’. पण ‘एम्स ब्रदर्स’ नावाचे गायक आधीच प्रसिद्ध होते आणि उच्चार जवळजवळ तोच. तेव्हा १९५६ मध्ये ‘फोर टॉप्स’ हे नाव घेतलं. त्याच वर्षी शिकागोच्या ‘चेस’ कंपनीनं त्यांची रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. मग दुसरी कंपनी, तिसरी कंपनी, १९६० मध्ये बडी ‘कोलंबिया’. तिथेही तेच. अशी दहा वर्षं गेली. हॉटेलांत, नाइट क्लबांत, जेवणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर हे चौघे जॅझच्या चालीवरची जुनी गाणी गात राहिले. पेटनचा कान तयार होता, स्वररचना तो बसवायचा. चार आवाज एकमेकांत असे विरघळायला शिकले की कोणता सूर कुणाचा हे ओळखू येऊ नये. ही दहा वर्षं फुकट गेली असं त्या वेळी कुणालाही वाटलं असतं. मला मात्र वाटतं, पुढच्या तीस वर्षांची पुंजी त्यांनी त्या काळातच साठवली. पैसा नव्हता, प्रसिद्धी नव्हती, म्हणजे भांडण्यासारखंही काही नव्हतं. होती ती फक्त एकमेकांची सवय.

१९६३ मध्ये ते मोटाऊन कंपनीत आले. बेरी गॉर्डी हा पूर्वी मोटार कारखान्यात काम केलेला तरुण. घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्यानं १९५९ साली ही कंपनी सुरू केली होती. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं एक साधं घर हेच तिचं ऑफिस आणि तोच स्टुडिओ. कारखान्यात एका टोकाला सांगाडा शिरतो आणि दुसऱ्या टोकाला गाडी बाहेर पडते. गॉर्डीनं गाण्यांसाठी तीच पद्धत लावली. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, चालायचं-बोलायचं कसं हे शिकवणारे वेगळे.

फोर टॉप्सच्या वाट्याला आले ब्रायन हॉलंड, लॅमाँट डोझियर आणि एडी हॉलंड हे त्रिकूट. त्यांनी एक गोष्ट हेरली. स्टब्सचा आवाज भारदस्त, खर्जाकडे झुकणारा. पुढे गाणारा बहुधा उंच, पातळ आवाजाचा असावा असा त्या काळातला प्रघात होता. या तिघांनी भारदस्त आवाजालाच पुढे ठेवलं आणि वर गाण्याची पट्टी मुद्दाम चढी ठेवली. त्यामुळे स्टब्सला सूर गाठण्यासाठी जीव ओतावा लागे. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस आता कोसळणार. आपल्या कीर्तनकाराचा आवाज देवाला हाक मारताना जसा फाटतो, तसा तो फाटे. आणि मागचे तिघे त्याला पडू देत नसत. रेकॉर्डवर त्यांच्या जोडीला ‘अँडान्टीज’ या तीन गायिकांचे आवाजही असत. त्यामुळे ती साथ आणखीच भरून येई.

१९६४ च्या ‘बेबी आय नीड युअर लव्हिंग’नं दार उघडलं. १९६५ च्या उन्हाळ्यात ‘आय कान्ट हेल्प मायसेल्फ’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग एक गंमत झाली. या यशाचा फायदा घ्यावा म्हणून कोलंबियानं आपल्याकडची त्यांची जुनी रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणायचं ठरवलं. गॉर्डीनं फर्मान काढलं : नवं गाणं हवं आणि ते लगेच हवं. त्रिकुटानं आधीच्याच गाण्याचा ढाचा थोडा फिरवून एका दिवसात गाणं उभं केलं आणि त्याला नावही प्रामाणिकपणे दिलं, ‘इट्स द सेम ओल्ड साँग’. तेच जुनं गाणं! लोकांनी तेही डोक्यावर घेतलं.

१९६६ मध्ये आलं ‘रीच आउट, आय’ल बी देअर’. बासरीच्या जातीच्या वाद्यांनी सुरुवात, घोड्याच्या टापांसारखा ठेका आणि त्यावर अर्धं बोलत, अर्धं ओरडत गाणारा स्टब्स. गाणं इतकं वेगळं होतं की खुद्द या चौघांनाच ते बाजारात येऊ नये असं वाटत होतं. गॉर्डीनं ऐकलं नाही. गाणं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये, दोन्हीकडे पहिलं आलं. मी हे गाणं प्रथम घासून गेलेल्या एका कॅसेटवर ऐकलं. शब्द निम्मेही कळले नव्हते. पण संकटातल्या माणसाला कुणीतरी ‘हात पुढे कर, मी आहे’ म्हणतं आहे, एवढं नेमकं पोचलं होतं.

खरी परीक्षा इथूनच सुरू होते. अपयशात माणसं एकत्र राहतात. यश आलं की वाटण्या सुरू होतात. १९६७ साली मोटाऊनमध्येच ‘सुप्रीम्स’चं नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झालं. एक पुढे आली, दोघी मागे गेल्या आणि फ्लॉरेन्स बॅलार्ड तर संचाबाहेरच गेली. ‘टेम्प्टेशन्स’मध्ये डेव्हिड रफिनला आपलं नाव वेगळं हवं होतं, १९६८ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. स्टब्सचा आवाज या कोणाहूनही कमी नव्हता. एकटा गा, तुझं नाव आधी लाव, असं त्यालाही सुचवलं गेलं. तो नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. ‘लीवाय स्टब्स आणि फोर टॉप्स’ अशी पाटी कधी लागली नाही. ज्यानं मागितलं असतं तर मिळालं असतं, त्यानंच मागितलं नाही. बाकी तिघांची निष्ठा मोठी खरीच. पण सोडण्यासारखं सर्वांत जास्त याच्याकडे होतं.

एकीची किंमतही असते. १९६९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे पोलीस तरुणांना बडवत असल्याचं दृश्य बेन्सननं पाहिलं आणि तो हादरला. हे काय चाललं आहे, या प्रश्नातून त्यानं अल क्लीव्हलँडच्या साथीनं एक गाणं रचायला घेतलं. आपल्या सोबत्यांना ते ऐकवलं. त्यांना ते फार राजकीय वाटलं. हे आपलं गाणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं. बेन्सननं ते मार्विन गे याच्याकडे नेलं. मार्विननं त्यात आपली भर घातली आणि १९७१ च्या जानेवारीत ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ बाहेर आलं. विसाव्या शतकातल्या थोर गाण्यांत आज त्याची गणना होते. ते फोर टॉप्सचं होऊ शकलं असतं. ज्या एकमतानं हा संच टिकवला, त्यानंच हे गाणं हातातून घालवलं. पण मला जास्त हलवून जातं ते हे की, बेन्सन गाणं घेऊन बाहेर गेला. स्वतः मात्र बाहेर पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो तिघांच्या शेजारी उभा राहून खर्ज लावतच होता.

एव्हाना त्रिकुटानं गॉर्डीशी बिनसून मोटाऊन सोडलं होतं. १९७२ मध्ये कंपनीनंही डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिस गाठलं. हे चौघे गेले नाहीत. घर, मुलंबाळं, मित्र सगळे इथेच. त्यांनी कंपनी बदलली, गाव बदललं नाही. १९७३ मध्ये नव्या कंपनीसाठी गायलेलं गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८१ मध्ये आणखी एक गाजलं. १९८६ मध्ये ‘लिट्ल शॉप ऑफ हॉरर्स’ या चित्रपटातल्या माणसं खाणाऱ्या झाडाला स्टब्सनं आवाज दिला. तेवढं काम करून तो परत आपल्या तिघांत येऊन उभा राहिला. इकडे डेट्रॉइट मात्र ओसरत होतं. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर २०१० मध्ये सव्वासात लाखांच्याही खाली आलं. कारखाने गेले, माणसं गेली. हे चौघे तिथेच होते.

चौकडी मोडली ती मृत्यूनं. २० जून १९९७ रोजी पेटन यकृताच्या कर्करोगानं गेला. काही काळ उरलेले तिघेच गायले. नंतर त्याच्या जागी दुसरा गायक आला. २००० मध्ये आजारपणामुळे स्टब्सनं रंगमंच सोडला. २००४ मध्ये डेट्रॉइटला पन्नाशीचा जलसा झाला, तेव्हा तो चाकांच्या खुर्चीत बसून गायला. २००५ मध्ये बेन्सन गेला, २००८ मध्ये स्टब्स. उरले फकीर. ते गात राहिले. त्यांच्या शेजारी आता पेटनचा मुलगा उभा होता. २०२२ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि २२ जुलै २०२४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, डेट्रॉइटमध्येच त्यांनी डोळे मिटले.

या चौघांत मतभेद झालेच नसतील असं मी म्हणणार नाही. एका संसारात दोन माणसांचं जमता जमत नाही, इथे तर चार होती. पण प्रत्येकाला दुसऱ्याशिवाय आपला सूर अपुरा वाटत होता, एवढं नक्की. कधी त्यांचं गाणं कानावर पडलं तर स्टब्सच्या आवाजानं भारावून जाल, ते साहजिकच आहे. मात्र दुसऱ्यांदा ऐकताना थोडं मागे कान द्या. तिघे तिथे आहेत. स्टब्स जिथे श्वास घ्यायला थांबतो, तिथे ते पुढे येतात, आणि त्यानं सूर पकडला की हलकेच मागे सरतात.