विंचूदंशजन्य फुफ्फुसशोफाचे पूर्वसूचक

विंचूदंशजन्य फुफ्फुसशोफाचे पूर्वसूचक म्हणजे तांबड्या विंचवाच्या (शास्त्रीय नाव: हॉटेन्टोट्टा तामुलस) दंशानंतर फुफ्फुसांत पाणी साठण्याचा धोका आधीच ओळखण्यास उपयोगी पडणारी लक्षणे व रक्तातील घटक होत. हा विंचू कोकणात आढळतो. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या विषयावर केलेले संशोधन जगभर मान्यता पावले.

कारणमीमांसा

विषामुळे चेतापेशींतील सोडियम-मार्ग दीर्घकाळ उघडे राहतात. परिणामी अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही संप्रेरके मोठ्या प्रमाणात रक्तात मिसळतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. या ताणाने हृदयाचा डावा कप्पा दुर्बल झाला, की रक्त फुफ्फुसांत तुंबते व वायुकोशांत द्रव झिरपतो. जंतुदोष किंवा गंभीर दुखापतीनंतर होणाऱ्या तीव्र फुफ्फुस-इजेत मात्र मूळ बिघाड केशवाहिन्यांच्या आवरणात असतो. त्यामुळे दोहोंचे रक्तातील सूचक भिन्न आहेत.

लक्षणे

बावस्कर यांनी इ.स. १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात पूर्वसूचक लक्षणांची नोंद प्रसिद्ध केली. उलट्या, भरपूर घाम, लाळ सुटणे, हातपाय गार पडणे आणि पुरुषांत लिंगताठरता ही त्यांतील प्रमुख होत. केवळ दंशस्थानी असह्य वेदना असलेल्या रुग्णांत गंभीर विषबाधा सहसा दिसत नाही. म्हणून वेदनेची तीव्रता हे धोक्याचे माप ठरत नाही.

रक्तातील जैवसूचक

हृदयस्नायूला इजा झाल्यास रक्तातील ट्रोपोनिन वाढते. रक्तशर्करा व पांढऱ्या पेशींची वाढही आढळते, परंतु ती केवळ या आजारातच दिसते असे नाही. तीव्र फुफ्फुस-इजेच्या पूर्वानुमानासाठी अँजिओपॉयटिन-२ या प्रथिनाचा अभ्यास झाला आहे. नित्य उपचारांत त्याची तपासणी रूढ नाही.

ट्रोपोनिनची वाढ दिसण्यास काही तास लागतात आणि उपचार सुरू करण्याचा योग्य काळही तोच असतो. श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनसारख्या किनारी गावांतून मोठे रुग्णालय गाठण्यातही वेळ जातो. अशा ठिकाणी रक्ततपासणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता लक्षणांवरून निर्णय घेणे महत्त्वाचे ठरते.

उपचारांशी संबंध

डॉ. हिम्मतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी इ.स. १९८६ मध्ये प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता मांडली. हे औषध रक्तवाहिन्यांचे आकुंचन कमी करून हृदयावरील ताण हलका करते. बावस्कर यांच्या नोंदींनुसार मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत घटले. इ.स. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ रुग्णांत ही संख्या ८ होती. इ.स. २०२२ मध्ये हिम्मतराव बावस्कर यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.